हॅस्केलमध्ये सामायिक बदलती स्थिती कशी सांभाळावी: पहिला सर्व्हर लिहिणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

हॅस्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकताना सुरुवातीचे काही आठवडे किंमत बदलण्याची गरजच भासत नाही. फंक्शनला एक यादी द्यावी, नवी यादी घ्यावी. जुनी जशीच्या तशी राहते. अडचण येते ती पहिला खराखुरा सर्व्हर लिहिताना, कारण तेथे अनेक थ्रेडना (एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणाऱ्या कामांना) एकच आकडा पाहायचा असतो आणि तो आकडा सतत बदलत असतो. बहुतेक नवे लोक या टप्प्यावर हाताला लागेल ते साधन उचलतात, प्रोग्राम चालतो, आणि चूक हंगामाच्या ऐन गर्दीत बाहेर येते. तो गोंधळ टळावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. एका बागायतदार कुटुंबाची हापूसची दोन गोदामे आहेत, एक देवगडला आणि एक रत्नागिरीला. प्रत्येक गोदामात चार डझनी, पाच डझनी आणि सहा डझनी पेट्या आहेत. ऑर्डर वेबसाइटवरून येतात, फोन घेणारी व्यक्ती तिच्या स्क्रीनवरून नोंदवते, आणि बागेतून पेट्या आल्या की गोदामातला माणूस मोबाइलवरून आवक चढवतो. गुढीपाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी ही तिन्ही कामे एकाच वेळी चालतात. शिल्लक पेट्यांचा हिशोब ही आपली सामायिक बदलती स्थिती.

सुरू करण्यापूर्वी एवढे हाताशी असू द्या:

- जीएचसीअप वापरून बसवलेला जीएचसी कंपायलर आणि कबाल किंवा स्टॅक यांपैकी एक साधन
- एसटीएम, असिंक आणि कंटेनर्स ही पॅकेजेस
- टिकाऊ नोंदीसाठी पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट
- एक कागद आणि पेन (पहिल्या पायरीसाठी याची खरोखर गरज आहे)

१. आधी नियम लिहा, साधन नंतर निवडा

बदलती किंमत ठेवण्यासाठी हॅस्केलमध्ये तीन प्रकारच्या जागा आहेत; पण आयओरेफ घ्यावे, एमव्हार घ्यावे की टीव्हार, या प्रश्नाने सुरुवात करू नका. कोणत्या गोष्टी कायम एकत्र खऱ्या राहिल्या पाहिजेत, ते आधी कागदावर उतरवा. आपल्या उदाहरणात नियम असे: कोणतीही शिल्लक शून्याच्या खाली जाणार नाही. एका ऑर्डरमध्ये तीन पाच डझनी आणि दोन सहा डझनी पेट्या असतील, तर एकतर पाचही मिळतील किंवा एकही नाही. देवगडहून रत्नागिरीला पेट्या हलवल्या, तर दोन्ही गोदामांची बेरीज बदलणार नाही.

साधन कोणते घ्यायचे हे या वाक्यांवरूनच ठरते. नियमात एकच किंमत असेल तर सर्वांत साधे साधन पुरते. दोन-तीन किमती एकत्र येत असतील किंवा "अमुक होईपर्यंत थांब" असे म्हणायचे असेल, तर वरच्या पायरीचे साधन लागते.

नियम मोडतो कसा, तेही एकदा जवळून पाहा. देवगडला पाच डझनी ३ पेट्या उरल्या आहेत. वेबसाइटच्या थ्रेडने आकडा वाचला, ३. फोनच्या थ्रेडनेही वाचला, ३. पहिल्याने गिऱ्हाइकाला २ पेट्या कबूल करून शिल्लक १ लिहिली. दुसऱ्यानेही २ कबूल करून शिल्लक १ लिहिली. गोदामात ३ असताना ४ पेट्या कबूल झाल्या, आणि वहीत अजून १ शिल्लक दिसते आहे. वाचणे आणि लिहिणे या दोन्ही क्रिया स्वतंत्रपणे पाहिल्या तर निर्दोष आहेत. चूक त्यांच्या मधल्या फटीत आहे.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. अनेक कोअर वापरू देणारा थ्रेडेड पर्याय न देता कंपाइल केले, म्हणजे सगळे एकाच कोअरवर चालले, की अशी फट राहणार नाही असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. जीएचसीचा शेड्यूलर एका कोअरवरसुद्धा एक थ्रेड मध्येच थांबवून दुसरा चालवतो; त्याचा नेहमीचा कालखंड २० मिलिसेकंदांचा असतो. चूक कमी वेळा दिसते एवढेच, आणि म्हणूनच ती शोधणे जास्त अवघड जाते.

२. निर्णय शुद्ध फंक्शनमध्ये ठेवा

ऑर्डर मान्य करायची की नाही, हा निर्णय घेणारे फंक्शन सध्याचा साठा आणि ऑर्डर घेईल आणि एकतर नकाराचे कारण किंवा नवा साठा परत देईल. त्यात आयओ (बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण) नको, थ्रेड नको, कुठलीही बदलती जागा नको. सगळा साठा एका रेकॉर्डमध्ये किंवा मॅपमध्ये, न बदलणारी किंमत म्हणून ठेवा.

याचे दोन फायदे होतात. एक म्हणजे व्यवसायाचे सगळे नियम थ्रेडचा विचार न करता तपासता येतात. दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. संध्याकाळचा अहवाल काढणाऱ्या थ्रेडने साठ्याची किंमत एकदा वाचली की ती त्याच्या हातात गोठलेली असते. त्यानंतर कितीही ऑर्डर आल्या तरी त्याच्या बेरजा चुकत नाहीत, आणि त्यासाठी कुणालाही अडवून ठेवावे लागत नाही. अनेक इतर भाषांत हेच साधायला आधी पूर्ण प्रत काढावी लागते किंवा लॉक धरून बसावे लागते.

३. एकच किंमत असेल आणि थांबायचे नसेल, तर आयओरेफ

आयओरेफ ही बदलता येणारी एक जागा. सगळा साठा एकाच रेकॉर्डमध्ये असेल, तर तो एका आयओरेफमध्ये ठेवून ॲटॉमिकमॉडिफायआयओरेफ या फंक्शनला दुसऱ्या पायरीतले शुद्ध फंक्शन द्यावे. वाचणे आणि लिहिणे एकाच अखंड क्रियेत होते आणि मघाची फट उरत नाही. लहान सर्व्हरसाठी एवढे खरोखर पुरते, आणि पुरत असेल तर पुढे जाण्याची घाई करू नये.

सापळा असा, की रीडआयओरेफने वाचून राइटआयओरेफने लिहिणे, किंवा साधे मॉडिफायआयओरेफ वापरणे, दिसायला अगदी तसेच दिसते. पण दोन्हींत अखंडपणा नाही. आयओरेफ दोन झाले, की प्रत्येकावरचा बदल अखंड असला तरी दोन्हींवर मिळून तो अखंड राहत नाही. दुसरे आयओरेफ तयार करायचा हात शिवशिवू लागला, की थांबून पहिल्या पायरीचा कागद पुन्हा वाचावा.

४. काम करताना जागा अडवून ठेवायची असेल, तर एमव्हार

एमव्हार एकतर भरलेले असते किंवा रिकामे. टेकएमव्हार आतली किंमत काढून घेते आणि ते रिकामे असेल तर भरेपर्यंत थांबते. पुटएमव्हार किंमत ठेवते आणि ते भरलेले असेल तर रिकामे होईपर्यंत थांबते. गोदामाची एकच किल्ली खुंटीला असावी, ज्याच्या हातात ती त्यानेच आत जावे आणि बाकीच्यांनी रांगेत राहावे, तसे हे चालते. रांगही खरी असते, कारण आधी आलेल्या थ्रेडला आधी संधी मिळते. १९९६ साली समवर्ती हॅस्केलची मांडणी झाली तेव्हापासून हे साधन आहे.

आत असताना आयओ करायचे असेल, तर एमव्हार योग्य. पावत्या छापणारा एकच प्रिंटर आहे आणि दोन पावत्यांच्या ओळी एकमेकींत मिसळू नयेत, हे त्याचे नेमके काम. मात्र टेक आणि पुट हाताने लिहू नका. मध्ये एक्सेप्शन (चालताना उद्भवलेली चूक) आले तर किल्ली परत खुंटीला लागतच नाही आणि मागचे सगळे अडकून पडतात. विथएमव्हार किंवा मॉडिफायएमव्हार वापरले, तर एक्सेप्शन आले तरी जुनी किंमत जागेवर परत ठेवली जाते.

मोठा सापळा डेडलॉकचा. प्रत्येक गोदामाला वेगळे एमव्हार दिले, आणि एक थ्रेड देवगडहून रत्नागिरीला तर दुसरा रत्नागिरीहून देवगडला पेट्या हलवू लागला, तर पहिला देवगडची किल्ली घेऊन रत्नागिरीची वाट पाहतो आणि दुसरा नेमके उलट करतो. किल्ल्या नेहमी ठरावीक क्रमानेच घ्यायच्या, असा उपाय सांगितला जातो आणि तो बरोबरही आहे. पण तो क्रम कंपायलर तपासत नाही, आणि सहा महिन्यांनी नवे फंक्शन लिहिणाऱ्याला तो माहीत असेलच असे नाही.

रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालवणारी जीएचसीची यंत्रणा, डेडलॉक ओळखून एक्सेप्शन देतो हे खरे असले, तरी त्यावर विसंबू नका. ते गार्बेज कलेक्शनच्या (नको असलेली मेमरी मोकळी करण्याच्या) वेळी आणि तो एमव्हार दुसऱ्या कुणाच्याही आवाक्यात उरला नसेल तरच घडते. शिवाय फोर्कआयओने सुरू केलेल्या थ्रेडमध्ये ते आले, तर तो थ्रेड एक अक्षरही न छापता बंद होतो.

५. अनेक जागा एकत्र बदलायच्या असतील किंवा अटीची वाट पाहायची असेल, तर एसटीएम

एसटीएम, म्हणजे सॉफ्टवेअर ट्रान्झॅक्शनल मेमरी, हॅस्केलमध्ये २००५ साली आले. टिम हॅरिस, सायमन मार्लो, सायमन पेटन जोन्स आणि मॉरिस हर्लिही यांच्या त्या वर्षीच्या निबंधाचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: दोन सुरक्षित तुकडे जोडले, तर जोडलेला तुकडाही सुरक्षित राहिला पाहिजे. लॉकच्या बाबतीत तसे होत नाही, हे मघाच्या देवगड-रत्नागिरीच्या उदाहरणात दिसलेच.

येथे बदलत्या जागेला टीव्हार म्हणतात. टीव्हार वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या क्रिया एसटीएम या टाइपच्या असतात, त्या हव्या तशा जोडता येतात, आणि शेवटी ॲटॉमिकली लावले की सगळे मिळून एक ट्रान्झॅक्शन होते. ते चालू असताना बदल थेट जागेवर होत नाहीत. काय वाचले आणि काय लिहायचे आहे, याची खाजगी नोंद ठेवली जाते. शेवटी वाचलेल्या जागा मधल्या काळात दुसऱ्या कुणी बदलल्या का, ते तपासले जाते. बदलल्या नसतील तर सगळे बदल एकदम लागू होतात. बदलल्या असतील तर नोंद टाकून देऊन ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालते.

पुन्हा चालणे हा येथला कळीचा मुद्दा. गिऱ्हाइकाला एसएमएस पाठवण्याची ओळ आत असती, तर एका ऑर्डरचे तीन एसएमएस गेले असते. हॅस्केलमध्ये ती ओळ आत लिहिताच येत नाही, कारण एसएमएस पाठवणे आयओ टाइपचे आहे आणि ट्रान्झॅक्शन एसटीएम टाइपचे. कंपायलर तेथेच अडवतो. टाइपच्या शिस्तीचा इतका थेट उपयोग क्वचितच पाहायला मिळतो. अनसेफपरफॉर्मआयओ वापरून ही भिंत ओलांडण्याचा सल्ला कुठे मिळाला, तर तो मानू नका.

वाट पाहण्यासाठी रिट्राय आहे. फोनवरची व्यक्ती म्हणते, "सहा डझनी आल्या की लगेच राखून ठेवा." त्या थ्रेडने शिल्लक वाचावी आणि पुरेशी नसेल तर रिट्राय म्हणावे. थ्रेड झोपतो आणि त्याने वाचलेल्या टीव्हारपैकी एखादा बदलला की जागा होतो. दर सेकंदाला उठून पाहणारा लूप लिहिण्याची गरज नाही. दोन पर्याय असतील तर ऑरएल्स: देवगडहून जमते का पाहा, तेथे रिट्राय झाले तर त्या प्रयत्नाचे सगळे बदल पुसून रत्नागिरीहून पाहा.

नवागतांची नेहमीची चूक येथे सांगायला हवी. वेबसाइटवरच्या गिऱ्हाइकाला लगेच "शिल्लक नाही" असे उत्तर हवे असते, पण लिहिणारा रिट्राय वापरतो आणि पान फिरत राहते. थांबायचे असेल तरच रिट्राय. नकार द्यायचा असेल तर नकाराची किंमत परत द्या.

दुसरा सापळा बारीक आहे आणि कंपायलर तो पकडू शकत नाही. एका ॲटॉमिकलीमध्ये शिल्लक वाचायची, बाहेर येऊन निर्णय घ्यायचा आणि दुसऱ्या ॲटॉमिकलीमध्ये लिहायचे, असे केले तर पहिल्या पायरीतली फट जशीच्या तशी परत येते. ज्या वाचनावर निर्णय अवलंबून आहे, ते वाचन आणि ते लिखाण एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असले पाहिजे.

टीव्हार किती ठेवावेत? एकाच टीव्हारमध्ये सगळा साठा ठेवला तर प्रत्येक ऑर्डरची प्रत्येकाशी टक्कर होते. प्रत्येक गोदामातल्या पेटीच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा टीव्हार दिला तर टकरी घटतात, पण सगळे टीव्हार वाचणारे अहवालाचे ट्रान्झॅक्शन लांबते आणि गर्दीत ते पुन्हा पुन्हा पहिल्यापासून चालत राहू शकते. माझे मत असे, की एका टीव्हारपासून सुरुवात करावी आणि टकरी होत असल्याचे मोजून दिसले तरच तो फोडावा. दोन गोदामांच्या धंद्यात तशी वेळ सहसा येत नाही.

६. लेझी इव्हॅल्युएशनकडे लक्ष ठेवा

टीव्हार, एमव्हार किंवा आयओरेफ यांत आपण लिहितो ती किंमत अजून काढलेलीच नसेल, असे होऊ शकते. "आधीच्या आकड्यातून २ वजा करा" ही न सोडवलेली गणिते एकावर एक साठत जातात, मेमरी वाढते, आणि शेवटी शिल्लक वाचणाऱ्या बिचाऱ्या थ्रेडला ती सगळी सोडवावी लागतात. त्यांत एखादे एक्सेप्शन दडलेले असेल, तर तेही त्याच्याच अंगावर फुटते.

उपाय सोपा आहे. मॉडिफायटीव्हार, मॉडिफायआयओरेफ आणि ॲटॉमिकमॉडिफायआयओरेफ यांची नावाच्या शेवटी एकेरी अवतरणचिन्ह असलेली रूपे वापरा, मॅप घ्यायचा तर कंटेनर्समधला स्ट्रिक्ट (किंमत लगेच काढणारा) मॅप घ्या आणि रेकॉर्डचे रकाने स्ट्रिक्ट ठेवा. अवतरणचिन्हाचे रूप किंमत फक्त बाहेरच्या थरापर्यंत सोडवते. आतल्या रकान्यांसाठी स्ट्रिक्ट रेकॉर्ड लागतेच.

७. ट्रान्झॅक्शनच्या बाहेरचे जग: एसएमएस, डेटाबेस आणि जाणारी वीज

एसटीएमचे ट्रान्झॅक्शन अखंड असते, पण टिकाऊ नसते. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज गेली आणि इन्व्हर्टरनेही दगा दिला, तर मेमरीतले सगळे टीव्हार गेले. कोकणात सर्व्हर गोदामातच ठेवणाऱ्याने हे पहिल्या दिवसापासून धरून चालावे.

पेटीच्या तीन अवस्था ठेवा: उपलब्ध, राखीव, विकलेली. पहिल्या ट्रान्झॅक्शनमध्ये पेट्या उपलब्धमधून राखीवमध्ये न्या. मग बाहेर येऊन डेटाबेसमध्ये नोंद करा. नोंद झाली तर दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये राखीव पेट्या विकलेल्या करा. नोंद फसली किंवा मध्येच एक्सेप्शन आले तर त्या उपलब्धमध्ये परत टाका, आणि हे परत टाकणे ब्रॅकेटऑनएररसारख्या फंक्शनवर सोपवा, म्हणजे ते विसरले जाणार नाही. डेटाबेसने नोंद केली पण त्याचे उत्तर पोहोचण्याआधीच जोडणी तुटली, अशीही वेळ येते. म्हणून प्रत्येक ऑर्डरला स्वतःचा क्रमांक द्या आणि पेट्या परत टाकण्याआधी त्या क्रमांकाची नोंद आहे का ते पाहा. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की साठा डेटाबेसमधून नव्याने उभा करा.

एसएमएससाठी विकलेल्या करणाऱ्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये टीबीक्यू या मर्यादित रांगेत निरोप टाका, आणि रांगेतून एकेक काढून पाठवण्याचे काम वेगळ्या थ्रेडला द्या. ट्रान्झॅक्शन फसले तर निरोपही रांगेत पडत नाही. रांग मर्यादितच हवी, कारण नेटवर्क तासभर गेले तर अमर्याद रांग मेमरी खात राहते. मर्यादित रांग भरली की मात्र विक्रीची ट्रान्झॅक्शनेही थांबतात, म्हणून तिचा आकार विचार करून ठरवा.

८. थ्रेड सुरू करताना

फोर्कआयओ थेट वापरू नका. त्या थ्रेडमध्ये एक्सेप्शन आले तर मुख्य थ्रेडला पत्ताच लागत नाही, आणि मुख्य थ्रेड संपला की बाकीचे अर्ध्यावर तोडले जातात. असिंक पॅकेजातली विथअसिंक (आत वेटने निकालाची वाट पाहिली तर) आणि कन्करंटली ही फंक्शने दोन्ही गोष्टी सांभाळतात.

९. चाचणी

शिल्लक १००० पेट्या ठेवा, प्रत्येकी १ पेटी घेणारे १००० थ्रेड सोडा, थ्रेडेड पर्यायाने कंपाइल करून चार कोअरवर चालवा आणि शेवटी शिल्लक ० आहे का ते पाहा. हॅस्केलच्या थ्रेडना एवढी संख्या जड नाही. मग १००० पेट्यांवर १२०० थ्रेड सोडा आणि नेमके २०० नकार मिळाले का ते तपासा. तिसऱ्या चाचणीत दोन्ही दिशांनी पेट्या हलवणारे थ्रेड चालू ठेवून, एका ट्रान्झॅक्शनमध्ये दोन्ही गोदामांची बेरीज पुन्हा पुन्हा वाचा. ती एकदाही बदलता कामा नये. पहिल्या पायरीच्या कागदावरील प्रत्येक वाक्यासाठी अशी एक चाचणी असावी. थ्रेडचे वेगवेगळे क्रम पद्धतशीर तपासायचे असतील, तर देजाफू ही लायब्ररी पाहा.

१०. दुसऱ्या भाषेत काम असेल तर

क्लोजर या भाषेतला ॲटम तिसऱ्या पायरीच्या जवळचा आहे. तेथेही दिलेले फंक्शन टक्कर झाल्यास पुन्हा चालते, पण त्यात एसएमएस पाठवलात तर कंपायलर अडवणार नाही. तो नियम तुम्हालाच पाळावा लागतो. इलिक्सरमध्ये स्थिती एका प्रोसेसच्या ताब्यात असते आणि बाकीचे तिला निरोप पाठवतात. तेथे वाचण्याचा एक निरोप आणि लिहिण्याचा दुसरा असे केले की तीच फट पडते. म्हणून "२ पेट्या राखून ठेव" हा पूर्ण हेतू एकाच निरोपात पाठवा.

११. दुसरा सर्व्हर उभा करण्यापूर्वी

वर सांगितलेले सगळे एका चालू प्रोग्रामच्या मेमरीपुरते आहे. भार वाढला म्हणून त्याच प्रोग्रामची दुसरी प्रत चालू केली, तर दोघांचे टीव्हार वेगळे असतात आणि ३ पेट्यांच्या ४ होण्याची वाट पुन्हा मोकळी होते. अशा वेळी अंतिम निर्णय डेटाबेसकडे द्या: शिल्लक पुरेशी असेल तरच वजा करणारी एकच अपडेट क्वेरी लिहा, किती ओळी बदलल्या ते तपासा, आणि रकान्यावर शिल्लक शून्याखाली जाणार नाही असे बंधन घाला. टीव्हार तेव्हाही निरोपांची रांग आणि वाट पाहणारे थ्रेड यांच्यासाठी उपयोगी राहतात, पण पेटी कुणाची हे ते ठरवत नाहीत.